द्रष्ट्याचा निर्बंध आणि वस्तूचा स्वभाव

मामलेदार कचेरीत जमिनीचे दफ्तर पाहावयास गेलेल्या खातेदाराला त्यातील एक अक्षरही बदलण्याचा अखत्यार नसतो. पण तेवढ्यावरून ते दफ्तर अचल आहे असे मानून तो निर्धास्तपणे घरी परतला, तर त्यानंतर पडणारा फेरफार काही त्याच्या समजुतीसाठी अडून राहत नाही. शिक्कामोर्तब झालेल्या नकलेची गोष्ट निराळी. मूळ दफ्तरात पुढे काहीही होवो, तिच्यातील अक्षर जेथल्या तेथे राहते.

संगणकभाषांतील 'रीड-ओन्ली' आणि 'इम्यूटेबल' डिक्शनरी यांत हाच भेद आहे. (ही डिक्शनरी म्हणजे शब्दकोश नव्हे, किल्ली सांगताच तिच्या नावे जमा असलेले मूल्य काढून देणारी खतावणी म्हणा.) जावा भाषेत १९९८ पासून असलेला 'अनमॉडिफायेबलमॅप' हे मूळ खतावणीत डोकावण्याचे केवळ गवाक्ष आहे, २०१८ साली आलेला 'मॅप.कॉपीऑफ' ही नक्कल. पायथनने तर २०१२ साली गोठवलेल्या डिक्शनरीचा प्रस्ताव नामंजूर केला आणि त्याच वर्षी 'मॅपिंगप्रॉक्सी' नामक गवाक्ष सर्वांस खुले केले.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात नित्यता दोन प्रकारची सांगितली आहे, पुरुषाची कूटस्थ, म्हणजे कधीच न पालटणारी, आणि गुणांची परिणामी, म्हणजे पालटत राहूनही टिकणारी. तेव्हा रीड-ओन्लीला परिणामिनित्य म्हणून मोकळे होण्याचा मोह कोणासही पडेल. मला तो मान्य नाही. गुण पालटत असले तरी त्यांची नित्यता त्यांच्याच ठायी असते. रीड-ओन्लीची स्थिरता वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या हातावर घातलेल्या बंदीत असते, आणि द्रष्ट्याची उपाधी दृश्याच्या माथी मारणे यालाच आपल्याकडे अध्यास म्हणतात.

मग इम्यूटेबल तरी कूटस्थ काय? त्या नकलेत एखादी बदलती यादी मूल्य म्हणून ठेवलेली असेल, तर कवच अभंग राहून आतला ऐवज खुशाल पालटतो. शिवाय २००७ साली अवतरलेल्या क्लोजर भाषेत बदल म्हणजे नव्या कोशाची उत्पत्तीच: बत्तीस-बत्तीस फांद्यांच्या वृक्षात दहा लाख नोंदी असल्या तरी चार-पाच गाठी नव्याने घडवायच्या, उरलेला वृक्ष जुन्या-नव्यांनी सामाईक वापरायचा. हे कूटस्थापेक्षा बौद्धांच्या क्षणसंतानाशी, म्हणजे क्षणामागून क्षण उपजण्याच्या ओघाशी, अधिक जवळचे वाटते. मात्र तेथे मागचा क्षण निरुद्ध होतो आणि येथे जुना कोश जसाच्या तसा नांदत राहतो. भूतकाळही 'आहे' म्हणणाऱ्या सर्वास्तिवाद्यांना हे रुचले असते, फक्त एका अटीवर: त्या जुन्या कोशाकडे बोट दाखवणारे कोणी आज्ञावलीत उरले पाहिजे, शेवटचे बोट मागे घेतले गेले की स्मृतीचा झाडूवाला केव्हातरी येऊन ती जागा रिकामी करतो.