एका अक्षरापाशी

सावकाश बसा. हात मांडीवर उलगडा आणि बोटाच्या टोकाकडे पाहा. तिथे रक्ताचा एक थेंब आला आहे, असे समजा. त्यातल्या लाल पेशींत केंद्रक नसते. डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक प्रत आईची, तेवढीच एक वडिलांची. श्वास सोडा.

आता एकाच अक्षरापाशी थांबा. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. दोन्ही प्रतींत तो आला, तर प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा सिकलसेल. गडचिरोली-नंदुरबारकडच्या कितीतरी घरांना तो ठाऊक आहे.

एवढ्या अक्षरांत हे एक कसे सापडते? मनाने प्रयोगशाळेत चला. नळी ९५ अंशांपर्यंत तापते, डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ती निवते, तसे प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे आपापली जागा धरतात. ७२ अंशांवर नवा धागा विणला जातो. तापणे, निवणे, विणणे. एकाचे दोन, दोनाचे चार. ३० फेऱ्यांत शंभर कोटींवर प्रती होऊ शकतात. हा पीसीआर. श्वासाच्या लयीत एक फेरी मोजा.

मग येते एक एन्झाइम, कात्रीसारखे. ओळखीची अक्षरे दिसली तरच ते कापते. बदललेल्या प्रतीत ती ओळ मोडलेली असते, म्हणून तिथे ते कापत नाही. न कापणे हीच खूण. हे तुकडे जेलमध्ये ठेवून वीज सोडली की ते धन टोकाकडे सरकतात. आखूड पुढे जातात, लांब मागे राहतात.

ज्याची एकच प्रत बदललेली आहे, त्या वाहकाच्या रांगेत दोन्ही पट्टे दिसतात, लांब तुकड्यांचा आणि आखूड तुकड्यांचा. इथे जरा रेंगाळा. एका पट्ट्यात आई असेल, दुसऱ्यात वडील. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते. म्हणून ही तपासणी मोलाची. पण बदललेल्या त्या एकाच प्रतीने मलेरियाच्या जीवघेण्या तापात पिढ्यान्‌पिढ्या लेकरे तगवली. म्हणूनच ते अक्षर टिकले.

पुन्हा बोटाकडे या. उद्या एखाद्या मुलीच्या तपासणी-कार्डावर ‘वाहक’ हा शब्द दिसला, तर लग्नाला नकार देण्याआधी तो पट्टा आठवा. ती प्रत तिला कुणीतरी तापातून जगून दिली आहे.