दिलेली बोली



मराठीत ‘बोली’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण बोलतो ती बोली आणि लिलावात लावतो तीही बोली. दोन्हींत माणूस आपला शब्द देत असतो.

गेल्या वर्षी इथे भिलाईत माझ्या मामांनी जुनी कार ऑनलाइन लिलावात ठेवली. भाव चढेना. रात्री त्यांचा फोन आला, “अरे, तुझ्या मोबाइलवरून दोन-चार बोल्या लाव. आपल्याला घ्यायची थोडीच आहे? समोरचा आपोआप वर जाईल.” मामांना नाही कसे म्हणायचे? मी खाते उघडलेसुद्धा.

बी.कॉम.ला १९३० चा मालविक्री कायदा नुकताच शिकलो होतो. त्याचे कलम ६४ लिलावाविषयी आहे. आधी जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा आहे. खोट्या बोलीने किंमत चढवली, तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो. राखीव किंमत ठेवण्याची मुभा मात्र तोच कायदा देतो. म्हणजे रास्त भाव मागण्यात दोष नाही. खोटे गिऱ्हाईक उभे करून तो उकळण्यात आहे.

तरी माझे बोट थांबले ते वेगळ्याच विचाराने. पलीकडचा माणूस मला दिसत नव्हता. त्याने इंजिनाचा आवाज ऐकलेला नव्हता. चार फोटो आणि चार ओळींवर विश्वास ठेवून तो कष्टाचे पैसे लावत होता. माझी प्रत्येक खोटी बोली त्याच्याच खिशातून जाणार होती.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली ऋषींची कथा आहे. ते इतके निश्चल उभे राहिले की पक्ष्यांनी त्यांच्या जटांत घरटे केले. त्यांना तपाचा अभिमान झाला, तेव्हा आकाशवाणीने काशीच्या तुलाधार वाण्याचे नाव घेतले. त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. वनातल्या तपस्व्याला धर्म दुकानदाराकडून शिकावा लागला. आज तराजूच्या जागी मोबाइल आला आहे, एवढाच फरक.

सकाळी मी म्हटले, “मामा, हे माझ्याने होणार नाही.” ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग त्यांनीच लिलाव मागे घेऊन तो नव्याने मांडला. राखीव किंमत ठेवली आणि ‘थंडीत गिअर अडकतो’ असे स्पष्ट लिहिले. गाडी अपेक्षेपेक्षा कमी भावात गेली. कागदपत्रे करताना घेणारा म्हणाला, “दोष लिहिला होता, म्हणूनच बोली लावली.” मामांनी माझ्याकडे पाहिले आणि चहा मागवला.

खरेदीदाराचाही धर्म आहे. घ्यायचे नसताना बोली लावू नये, जिंकल्यावर मागे फिरू नये, आपसात ठरवून भाव पाडू नये. पूजाघरात सत्य सांभाळणे सोपे असते. कुणी पाहत नसताना ते सांभाळणे ही खरी साधना.

पुढच्या वेळी बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबूया. समोरचा माणूस शेजारी बसून आपला पडदा पाहत असता, तर हीच बोली आपण लावली असती का?