पन्नाशी ओलांडलेला रॅप

११ ऑगस्ट १९७३ची रात्र. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक दालनात एका शाळकरी मुलीनं पार्टी ठेवली होती आणि तिचा भाऊ डीजे कूल हर्क रेकॉर्ड लावत होता. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. त्यानंतर जेमतेम महिन्यानं, १४ सप्टेंबरला, त्याच शहरात नासिर जोन्स जन्मला. जग त्याला नास म्हणतं. ही कला आणि हा कलावंत अक्षरशः एका वयाचे आहेत, म्हणून १२ डिसेंबर २०२५ रोजी आलेला त्याचा ‘लाइट-इयर्स’ हा अल्बम मला नेहमीच्या नव्या अल्बमांहून वेगळा वाटतो. शब्द बावन्न वर्षांच्या नासचे, संगीत एकोणसाठीतल्या डीजे प्रीमियरचं. हे दोघं मिळून पूर्ण अल्बम करणार, हे रसिक जवळजवळ वीस वर्षं ऐकत होते. आता तो आल्यावर एक प्रश्न समोर उभा राहतो : तरुणांनी तरुणांसाठी घडवलेली कला पन्नाशीनंतर काय बोलते?

आपल्या ख्यालगायकीला हा प्रश्न पडत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या घरात गात होते आणि श्रोते त्या वयाचं गाणं जास्त जिवाभावानं ऐकत. बंदिशीतली विरहिणी गायकाच्या वयाशी बांधलेली नसते. रॅपमध्ये मात्र ‘मी’ म्हणणारा आणि गाणारा एकच, अशी ऐकणाऱ्याची अट असते. तू जे बोलतोस ते तू जगलेलं असलं पाहिजे. वीस वर्षांच्या पोराला ही अट बळ देते. पन्नाशीच्या माणसाला ती जाचते.

१९९४ साली ‘इल्मॅटिक’ हा अल्बम आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता. क्वीन्सब्रिज ही अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सरकारी वसाहतींपैकी एक. तिथं तो वाढला, आठवीनंतर शाळा सुटली. अल्बमच्या दोन वर्षं आधी जिवलग मित्र गोळीबारात गेला होता. वडील ओलू दारा जॅझचे वादक. त्या अल्बममधल्या एका गाण्याच्या शेवटी त्यांचाच कॉर्नेट ऐकू येतो. जेमतेम चाळीस मिनिटांत त्या पोरानं खिडकीतून दिसणारी वसाहत शब्दांत उभी केली : जिने, पोलीस, नशा, तुरुंगातल्या दोस्ताला लिहिलेलं पत्र. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात त्याला जागा दिली. आणि नास त्या अल्बममध्ये अडकला. नंतर काहीही केलं तरी मोजमाप ‘इल्मॅटिक’चंच.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा, कवी तेविशीतला. त्यानंतर ते चार दशकं लिहीत राहिले, ‘निर्वाणाअगोदरची पीडा’ २०१०मध्ये आला, पण ढसाळ म्हटलं की आपण अजून ‘गोलपिठा’च उघडतो. तरुण कवीचा संताप आपल्याला हवा असतो. त्याच कवीचं आजारपण, थकवा, उशिरानं आलेलं शहाणपण वाचायची आपली तयारी नसते. हा दोष वाचकाचा आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

नासचं आयुष्य तर पार बदललं. क्वीन्सब्रिजचा मुलगा गुंतवणूकदार झाला. पुढे ॲमेझॉननं विकत घेतलेल्या ‘रिंग’, कॉइनबेस या कंपन्यांमध्ये त्यानं सुरुवातीलाच पैसे घातले होते. अशा माणसानं आजही जिन्यातल्या पोराच्या तोंडून बोलायचं, तर ते खोटं. श्रीमंतीच्याच बढाया मारायच्या, तर ते कंटाळवाणं. २०२० ते २०२३ या काळात, वयानं चौदा वर्षांनी लहान असलेल्या हिट-बॉय या निर्मात्याबरोबर त्यानं सहा अल्बम काढले आणि त्यांतून वाट शोधली. त्यांतल्या पहिल्याच, ‘किंग्ज डिसीझ’नं त्याला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं, सहावा त्यानं पन्नासाव्या वाढदिवसाला प्रसिद्ध केला. ती वाट आठवणीची होती. वार्ताहर चरित्रकार झाला.

‘लाइट-इयर्स’ त्याच वाटेनं पुढे जातो. ‘पॉज टेप्स’ हे गाणं कॅसेट थांबवून, पुन्हा चालू करून, तोच तुकडा जोडत घरच्या घरी ताल बनवणाऱ्या पोरांच्या दिवसांचं. ‘रायटर्स’ भिंती आणि रेल्वेचे डबे रंगवणाऱ्यांचं. ‘डॉटर्स’ हे गाणं लिहून तेरा वर्षं झाल्यावर आता ‘सन्स’. प्रीमियरचं काम तसंच कोरीव : जुन्या रेकॉर्डचा इवलासा तुकडा, खणखणीत ड्रम, आणि ध्रुवपदाच्या जागी स्क्रॅच केलेले शब्द. मला अडचण वाटते ती ‘एनवाय स्टेट ऑफ माइंड’ या जुन्या गाण्याचा तिसरा भाग काढण्याच्या मोहाची. जुन्या नावाची पुण्याई पुन्हा वापरली की ऐकणारा तुलनाच करत बसतो. जिथं नास आपल्या बरोबरीच्यांची, गेलेल्या काळाच्या कारागिरीची नोंद ठेवतो, तिथं मात्र विशीतला कुणीही त्याच्या जवळपास पोचू शकत नाही. कारण ती साक्ष द्यायला त्या काळात तिथं असावं लागतं.

आणि साक्षीदार उरलेत किती? नासच्या मास अपील या कंपनीनं २०२५मध्ये जुन्या पिढीच्या सात अल्बमांची मालिका काढली. ‘लाइट-इयर्स’ तिचा शेवट. त्या सातांपैकी तीन अल्बमांत मृतांचे आवाज आहेत. रॅपर बिग एल १९९९ साली चोविसाव्या वर्षी मारला गेला. मॉब डीप या गटातला प्रॉडिजी बेचाळिसाव्या वर्षी गेला, डी ला सोल या गटातला ट्रुगॉय चोपन्नाव्या. रॅपला म्हातारपण माहीत नव्हतं याचं एक कारण बाजार, आणि दुसरं हे : कृष्णवर्णी पुरुषांना तिथवर पोचू दिलं गेलं नाही.

हा धागा मुंबईपर्यंत येतो. २०१९च्या ‘गली बॉय’ चित्रपटाचा नास कार्यकारी निर्माता होता आणि त्याच वर्षी मास अपीलची भारतीय शाखा सुरू झाली ती अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरला घेऊन. विशीत गल्लीचं बोलणारा डिव्हाइन आता पस्तिशी ओलांडून गेला आहे. ‘स्वदेशी’ या गटानं आरेच्या जंगलासाठी वारली लढ्याचं गाणं केलं. त्यातला एमसी तोडफोड २०२२मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. बाकीचे चाळिशीकडे निघाले आहेत. त्यांच्याकडे घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, पुनर्विकासात नाहीशी झालेली गल्ली असे विषय येतील, यायलाच हवेत. तेव्हा त्यांच्याकडे पहिल्याच गाण्याचा हट्ट धरू नका. त्यांना नवं बोलू द्या आणि ते कान देऊन ऐका.