मदतीची अट कोणाला जड जाते?



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात तीन दिवस उपाशी असलेल्या लोकसमुदायाचा प्रभूला कळवळा येतो. पण भाकरी वाटण्याआधी तो शिष्यांना त्यांच्याजवळ काय आहे ते विचारतो. सात भाकरी निघतात आणि त्यांतूनच सगळे जेवतात.

जर्मनीच्या बिशपांनी १९५८ साली कलोनचे कार्डिनल योसेफ फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने एक संस्था स्थापन केली. तिचे ‘मिझेरिओर’ हे लॅटिन नाव याच कळवळ्यावरून घेतले आहे. प्रायश्चित्तकाळात तेथील भाविक जे दान देतात, ते आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील गोरगरिबांपर्यंत जाते. कळवळा हवाच, पण घेणाऱ्याला त्याच्याजवळ काय आहे हे विचारणे म्हणजे त्याचा मान राखणे. ज्याला काहीच विचारले जात नाही, तो केवळ हात पसरणारा उरतो.

आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याने हे अनुभवले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने तेथे पाणलोट विकासाचे काम उभे राहिले. मदत जर्मन सरकारची आणि जोडीला नाबार्ड. पैसा गावागावाच्या वाट्याला येई आणि कामाची जबाबदारी गावाच्या समितीवर असे. १९९३ साली या कामासाठी ‘वॉटर’ ही संस्था सुरू झाली. गावांना अटी होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. अटी योग्यच होत्या. डोंगरावर गवत आणि झाडे टिकली नाहीत, तर बांध घालून उपयोग काय? अशा कामांतून अनेक गावांच्या विहिरींना पाणी आले.

पण येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याची जमीन आहे, त्याच्या विहिरीला पाणी येते. ज्या भूमिहीन बाईचा संसार चार शेळ्यांवर चालतो, तिच्यासाठी चराईबंदी म्हणजे शेळ्या विकणे. अट सर्वांना एकच. भार मात्र एकसारखा नाही. पुढे शेतात मजुरी वाढेल, गवत कापून आणता येईल, हे खरे. पण तोवर तिने काय खायचे?

काही जण म्हणतील, गावाच्या भल्यासाठी कोणी तरी सोसायलाच हवे. मग सोसणारा दरवेळी सर्वांत गरीबच का असतो? ग्रामसभेत हात वर झाले म्हणजे मागे बसलेल्या बाईची संमती मिळाली असे होत नाही. म्हणून आपल्याला वाटते, जिचे नुकसान आधी होते तिची सोय मदतीतून आधी झाली पाहिजे. पहिली मजुरी तिला मिळावी, गवताचा पहिला हक्क तिचा असावा, डोंगराचा एखादा भाग काही काळ मोकळा ठेवावा. हा तिच्यावर उपकार नव्हे, न्याय आहे.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. २०२० साली विदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. परदेशातून मदत घेणाऱ्या संस्थेला ती आता दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही. मोठ्या संस्थांमार्फत लहान संस्थांना मिळणारी छोटी मदत त्यामुळे थांबली. इतकी वर्षे परक्या देशातील भाविकांनी आपला घास वाचवून दिला; आता ती पाळी आपली आहे.

आपल्या धर्मग्रामातून एखाद्या पाड्याला विहिरीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी मदत द्यायचे ठरेल, तेव्हा पुढाऱ्यांना भेटून परत येऊ नये. सर्वांत शेवटच्या झोपडीपर्यंत जावे. तुमच्याजवळ काय आहे, हे तेथे विचारावेच. पण या मदतीपायी तुमचे काय जाईल, हे त्याआधी विचारावे. आणि उत्तर मिळेपर्यंत थोडे थांबावे.