काटा आणि ताट

४० किलो वजन उतरविण्याचा संकल्प केलेल्या मनुष्याची खरी कसोटी काही महिन्यांनी लागते. आरंभी शरीरात साठलेले पाणीही उतरते, काटा झरझर मागे सरतो आणि उत्साह आपोआप टिकतो. पुढे देह हलका होईल तसतशी त्याची अन्नाची गरज घटते, भूक मात्र वाढते. जेवण तेच, चालणे तेच. पण काटा हलत नाही. येथे पुष्कळांचे धैर्य खचते. कोणी संतापून अन्नच टाकतो. परंतु अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे श्रीभगवान सहाव्या अध्यायात सांगतात. निराहाराने विषय सुटले तरी त्यांची गोडी सुटत नाही, हे तर दुसऱ्याच अध्यायात आले आहे. (‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.)

आज ताटात किती वाढून घ्यावे, एवढाच मनुष्याचा अधिकार. उद्या काटा काय दाखवील, हे फळ होय. त्यावर उत्साह टांगणारा काट्याबरोबरच थांबतो.

आणि लग्नाच्या पंगतीत नियम मोडला तर? योगापासून ढळलेल्याचे काय होते, हे अर्जुनानेही विचारले होते. त्याचे काहीच वाया जात नाही, असे उत्तर त्याला मिळाले. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भाकरी, तीच भाजी आणि पहाटेची तीच फेरी.