यंत्राला मन कळत नाही, म्हणून तू बोल

अंबाजोगाई

चि. छकुलीस,


फिट आल्यामुळे तुझ्या मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढायचं ठरल्यापासून तू धास्तावली आहेस, असं तुझी आई फोनवर म्हणाली. शॉक देतील का, आणि डोक्याला वायरी लावल्या की मनातलं सगळं डॉक्टरांना कळेल का, हे तुझे दोन प्रश्न. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हटल्याने भीती जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आदल्या दिवशी केस धू, तेल लावू नकोस. टेक्निशियन टेपने डोकं मोजून पेन्सिलीने खुणा करतील आणि प्रत्येक खुणेवर पेस्ट लावून छोटी चकती बसवतील. साधारण २१ चकत्या असतात. त्यांतून वीज आत सोडत नाहीत. तुझ्या मेंदूत मुळातच असलेली वीज तेवढी मोजतात. ती इतकी क्षीण असते की व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते. डोळे मिटून निवांत पडलीस की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटतात; डोळे उघडले की विरतात. जर्मनीतल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाचा असा पहिला आलेख काढला. नंतर तुला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला सांगतील, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतील. दबलेला दोष असेल तर तो आलेखावर यावा, यासाठी हे असतं.

आता मनातलं कळण्याबद्दल. मोंढ्याच्या भिंतीबाहेर उभं राहिलं तर आत लिलाव चालू आहे की सामसूम, की भांडण जुंपलंय, एवढं कळतं. कुणी काय भाव बोलला ते कळत नाही. ईईजीचं तसंच आहे. लाखो पेशींचा एकत्र गलबला तेवढा कवटीबाहेर येतो.

तरी याच लाटांवरून माणसाच्या आठवणी ओळखता येतात, असा दावा आपल्याकडे झाला. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना अशा चाचणीचा अहवालही विचारात घेतला. जगभरातल्या मेंदूतज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संमतीशिवाय अशी चाचणी कुणावरही लादता येणार नाही. तुझं मन तुझंच आहे, बाळा. यंत्र तिथवर पोहोचत नाही आणि कायदाही कुणाला तिथे बळजबरीने शिरू देत नाही.

पण याची दुसरी बाजूही ध्यानात घे. फिटचा आजार असूनही कित्येकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, कारण त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असतो. एमआरआयही फक्त मेंदूची रचना दाखवतो: जुनी इजा, गाठ, किंवा आपल्या देशात बऱ्याचदा आढळणारी, पट्टकृमीच्या अंड्यांमुळे झालेली गाठ. फिट येताना नेमकं काय घडलं, हे मात्र ज्याने पाहिलं त्यानेच सांगायचं असतं. नजर कुठे वळली, कोणता हात आधी आखडला, किती वेळाने शुद्ध आली, यावर निदानाचा मोठा भाग ठरतो.

आणि नेमकं हेच आपल्याकडे झाकून ठेवतात. नाकाला कांदा लावायचा, चप्पल हुंगवायची, देवऋष्याकडे न्यायचं, आणि लग्न मोडेल म्हणून डॉक्टरांपुढेही ‘जरा चक्कर आली’ म्हणायचं. ग्रामीण भागासाठीचं वैद्यकीय महाविद्यालय आपल्या अंबाजोगाईत १९७४ पासून आहे. तरीही ही लपवाछपवी संपत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लग्नाचं म्हणशील तर हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिटच्या आजाराची अडचण होती. १९९९ साली ती काढून टाकली. बहुतेकांच्या फिट नियमित गोळ्यांनी आटोक्यात येतात.

तेव्हा एवढं कर. झालेल्या प्रत्येक फिटची तारीख वहीत लिही. घरच्यांना सांग, पुन्हा फिट आली तर तुला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, आणि एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. चालू गोळ्या मनाने बंद करू नकोस. आणि डॉक्टरांनी विचारलं की आईकडे बघत बसू नकोस, स्वतः बोल.

तुझे,
आजोबा