शोभेचे खेळणे आणि हिशेबाचा दिवस

हलाल मार्गाने कमावलेला पैसा हलाल वस्तूवर खर्च केला की मुस्लिमाची जबाबदारी संपली, असा एक समज आपल्यात रूढ झाला आहे. तिर्मिजीतील एक प्रसिद्ध हदीस या समजाला धक्का देते. तिचा आशय असा की, कयामतच्या दिवशी आयुष्य कशात घालवले, ज्ञानावर किती अंमल केला, संपत्ती कोठून मिळवली व कशावर खर्च केली आणि शरीर कशात झिजवले, याचा जाब दिल्याशिवाय माणसाची पावले जागेवरून हलणार नाहीत. संपत्तीविषयी येथे दोन प्रश्न आहेत. कमाईचे उत्तर बरोबर आले तरी खर्चाचे उत्तर द्यावयाचे उरतेच.

रायगडच्या किनाऱ्यावर हा दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दिघी, आगरदांडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील अनेक मुस्लिम कुटुंबांतील पुरुष जहाजांवर आणि आखाती देशांत नोकरी करतात. तेथून येणाऱ्या सामानात पूर्वी टेपरेकॉर्डर, अत्तर आणि ब्लँकेटे असत. आज दुबईच्या मॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी तयार केलेली खेळणीही मिळतात. लेगो या डॅनिश कंपनीचे प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे जोडणी-संच हे त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण. १९३२ साली बिलुंड या गावात एका सुताराने सुरू केलेल्या या कंपनीचे नाव ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून बनले आहे. आज या कंपनीच्या काही संचांच्या खोक्यावर ‘१८+’ असे छापलेले असते. ते जोडायचे आणि दिवाणखान्यात मांडून ठेवायचे. टायटॅनिक जहाजाच्या संचात ९,०९० तुकडे आहेत आणि जोडल्यावर त्याची लांबी १३५ सेंटिमीटर होते. आयफेल टॉवरच्या संचात १०,००१ तुकडे असून उंची सुमारे दीड मीटर. अशा एका संचाची किंमत भारतीय चलनात पन्नास हजार रुपयांच्या पुढे जाते. मग यांतील कोणता घ्यावा, की घेऊच नये, असा प्रश्न एखाद्या तरुणाला पडला तर शरीअतच्या प्रकाशात त्याचा विचार कसा करावा?

परवानगीची मर्यादा

प्रथम हे स्पष्ट असावे की मनोरंजन स्वतः निषिद्ध नाही. हजरत हन्जला (रजि.) यांना जेव्हा वाटले की घरी गेल्यावर आपले मन दरबारातल्यासारखे राहत नाही, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की माणसाची एक वेळ अशी असते तर एक वेळ तशी. आकृतींच्या प्रश्नावरही मार्गदर्शन उपलब्ध आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी चित्रांवर उपजीविका करणाऱ्या एका माणसाला झाडे व निर्जीव वस्तू बनवण्याचा सल्ला दिला होता. त्यामुळे जहाज, इमारत, पूल यांची प्रतिकृती जोडण्यास हरकत दिसत नाही. माणसांच्या किंवा प्राण्यांच्या पुतळ्यांचे संच मात्र वेगळे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांचा दाखला बहुसंख्य उलेमा मुलांच्या खेळापुरता घेतात. प्रौढाने शोभेसाठी मांडलेल्या पुतळ्याला तो लावता येत नाही. निवडीचा पहिला निकष येथे मिळतो : संशयाची वस्तू सोडावी आणि निःसंशय घ्यावी.

उधळपट्टी कोठून सुरू होते?

दुसरा निकष रकमेचा. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत अल्लाहच्या खऱ्या दासांचा खर्च उधळेपणा आणि कंजुषी यांच्या मधला सांगितला आहे. हा मध्य सर्वांसाठी एकाच आकड्यावर ठरत नाही. जकात दिली आहे, कर्ज नाही, आईवडिलांचे औषध आणि मुलांचे शिक्षण सुरळीत आहे, नात्यातील गरजूचा हक्क पोहोचला आहे, अशा माणसाने वर्षातून एकदा छंदावर काही खर्च केला तर त्याला उधळ्या म्हणता येणार नाही. परंतु ज्याने हा संच हप्त्यांवर आणि व्याजावर घेतला, त्याच्यासाठी दोन हजार तुकड्यांचा लहान संचही महाग आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे आणि त्याच्या लगतच्या आयतीत नातेवाईक, गरजू व वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे. दुसऱ्याचा हक्क अडवून केलेला खर्च, मग तो लहान असो वा मोठा, तेथेच उधळपट्टी होतो.

येथे जकातीचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. काही जण हे संच न उघडता ठेवतात, कारण उत्पादन बंद झाल्यावर त्यांचा भाव वाढतो. २००८ साली आलेल्या ताजमहालच्या संचाला पुढे मूळ किमतीच्या अनेक पट भाव आला आणि २०१७ साली कंपनीने तो पुन्हा बाजारात आणल्यावर तो उतरला. घरच्या वापराच्या वस्तूवर जकात नाही, पण विकण्याच्या उद्देशाने विकत घेऊन ठेवलेला माल हा व्यापारी माल ठरतो आणि निसाब व वर्ष पूर्ण झाल्यास त्यावर जकात येते. ‘छंद आहे’ असे म्हणून हा हिशेब टळत नाही.

काय मांडतो आणि कशासाठी?

तिसरा निकष नियतीचा आहे आणि तोच सर्वांत कठीण. सूरह अश-शुअरामध्ये हजरत हूद (अलै.) आपल्या कौमला विचारतात की प्रत्येक उंचवट्यावर निरर्थक स्मारके का उभारता, आणि जणू कायम राहायचे आहे असे महाल का बांधता? आदच्या लोकांचा दोष बांधकामकौशल्यात नव्हता. तो दिखाव्यात आणि मृत्यूच्या विस्मरणात होता. आपल्या किनाऱ्यावर वर्षातील अकरा महिने कुलूपबंद असणारे बंगले पाहिले की ही आयत दूरच्या कौमविषयी आहे असे वाटत नाही. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू पाहुण्याला काय सांगण्यासाठी आहे, हे ठेवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून कोणती प्रतिकृती, हेही महत्त्वाचे. टायटॅनिक हे १९१२ साली सुमारे दीड हजार माणसांसह बुडालेले जहाज आहे. खलाशांच्या आपल्या किनाऱ्याला असे दुःख नवे नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोलोसियम हे माणसांना आणि जनावरांना मरताना पाहण्यासाठी बांधलेले प्रेक्षागृह होते. ताजमहाल ही एक कबर आहे. या प्रतिकृती घरात ठेवणे हराम आहे असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु ज्या घरात मुलांना त्या जहाजाची किंवा त्या कबरीची कथा सांगितली जाते, तेथे ती वस्तू बोधाचे साधन होते. जेथे तिची किंमतच सांगितली जाते, तेथे ती सूरह अल-हदीदमध्ये वर्णन केलेल्या शोभेची आणि परस्परांतील बढाईची खूण होते. दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर जंजिरा दिसतो. सिद्दींचे राज्य १९४८ साली विलीन झाले, किल्ल्यात आज वस्ती नाही. मोठेपणा किती टिकतो हे आपल्याला शिकवणारी रचना समुद्रात उभीच आहे.

मुलाचा हात

शेवटचा निकष घरातील सर्वांत लहान माणसाकडून मिळतो. एका हदीसमध्ये पैगंबर (स.) यांनी माणसाचे बहुतेक खेळ निरर्थक ठरवून जे थोडे अपवाद सांगितले, त्यांत नेमबाजी व घोड्याच्या शिक्षणाबरोबर पत्नीसोबतची करमणूकही आहे. सजदेत असताना नातू पाठीवर बसला तर तो उतरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. आता विचार करा : बाप दोन वर्षांनी सुट्टीवर येतो, पंधरा रात्री दार बंद करून जहाज जोडतो, आणि मूल जवळ आले की म्हणतो, “हात लावू नकोस.” जे खेळणे मुलाला बापापासून दूर करते त्याला ‘छान खेळ’ कसे म्हणावे? उलट लहान संच घेऊन बाप आणि मुलगी मिळून इशापूर्वी तासभर बसली, एकेक तुकडा शोधत संयम शिकली आणि अजान होताच उठली, तर तो वेळ वाया गेला असे कोण म्हणेल?

तेव्हा निवड करताना तुकड्यांची संख्या शेवटी पाहावी. आकृती निःसंशय आहे का, कोणाचा हक्क थकलेला आहे का, मांडणे कोणाच्या नजरेसाठी आहे, आणि जोडताना शेजारी कोण बसणार आहे, हे आधी पाहावे. या चार प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देणाऱ्याला कोणता संच घ्यावा हे बहुधा विचारावे लागणार नाही, आणि घेऊ नये असे ठरले तर त्याची खंतही वाटणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांना संपत्ती आणि वेळ या दोन्ही अमानतींचा योग्य विनियोग करण्याची तौफीक देवो. आमीन.